वड्यांच्या जळक्या तेलावर जुनी डिझेल गाडी चालवता येईल का?

गिरगावकर_श्री

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००६ सालची टाटा इंडिका डिझेल आहे. इंजिन १४०५ सीसीचे, कॉमन रेल (खूप दाबाने इंधन फवारण्याची नवी पद्धत) येण्यापूर्वीचे, टर्बोही नाही. १५ वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून, पर्यावरण कर भरून तिची पुनर्नोंदणी करून घेतली. अजूनही ती महिन्याला ६०० किलोमीटर तरी पळते. लिटरला १५ धरले तर महिन्याचे डिझेल ४० लिटर होते.

माझ्या मेहुण्याचे लालबागेत वडे, भजी आणि समोशांचे दुकान आहे. तिथे आठवड्याला १२ ते १५ लिटर जळके तेल निघते. ते पत्र्याच्या डब्यांत भरून मोरीशेजारी ठेवतात आणि महिन्यातून एकदा एक जण येऊन घेऊन जातो. म्हणजे माझ्या गाडीला जेवढे डिझेल लागते त्याहून थोडे जास्तच तेल मेहुण्याकडे दर महिन्याला पडून असते. हा हिशेब जुळल्यापासून मला चैन नाही.

परदेशात लोक हॉटेलांतून तेल गोळा करून गाडीत ओततात असे बरेच वाचले आहे. माझा प्रश्न मुंबईपुरता आणि माझ्या गाडीपुरता आहे. तेल नुसते गाळून, थोडे डिझेल मिसळून टाकीत ओतले तर काय होईल? त्याचे घरच्या घरी बायोडिझेल करणे कितपत शक्य आहे? आणि या सगळ्यात काही बेकायदा आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष हात काळे केले आहेत त्यांनी लिहावे, ही विनंती. "इलेक्ट्रिक गाडी घ्या" हा सल्ला घरात रोज मिळतो, तो इथे नको.

पुस्तकी_किडा

धाग्याची सुरुवात छान झाली आहे. यात नवे असे काही नाही, हे आधी नोंदवतो. खुद्द रुडॉल्फ डिझेलचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्याने ते करून दाखवले, म्हणून तर १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन पाळला जातो. आपल्या रेल्वेनेही ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर चालवून पाहिली होती. मूळ इंजिनच तेलावर चालत असेल तर इंडिकाने का चालू नये?

निवृत्त_फिटर

श्री, तुमचा प्रश्न सरळ आहे म्हणून उत्तरही सरळ देतो. मी ३१ वर्षे डिझेल पंप आणि नोझलचे काम केले, त्यातली शेवटची १८ परळच्या एका गॅरेजमध्ये. तेलावर चालवलेली इंजिने उघडून पाहिली आहेत.

गाडी चालू होईल का, असे विचाराल तर होईल. इंजिन गरम असताना निम्मे डिझेल आणि निम्मे तेल टाकलेत तर फरक जाणवणारही नाही. आवाज उलट थोडा मऊ येईल आणि मागच्या गाडीवाल्याला भूक लागेल. लोक फसतात ते इथेच, कारण पहिले हजार किलोमीटर काहीही होत नाही.

खरी अडचण तेलाच्या दाटपणाची आहे. डिझेलची दाटी ४० अंश सेल्सिअसला २ ते ४.५ सेंटीस्टोक असते, तर खाण्याच्या तेलाची त्याच तापमानाला ३० ते ४०, म्हणजे जवळजवळ दसपट. नोझलचे काम इंधनाचा धुक्यासारखा फवारा करण्याचे. दाट तेलाचा फवारा होत नाही, धार होते. धार पूर्ण जळत नाही, तिचा कोळसा होऊन तो नोझलच्या टोकावर चढत जातो. मी असे एक नोझल काढले होते, त्याच्या टोकाला काळ्या कोळशाचे छत्रीसारखे फूल आले होते आणि ते नखाने निघेना, ब्रशने घासावे लागले. जे तेल जळत नाही त्यातले काही पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिझेल उतरले तर गरम इंजिनात त्याचा बराचसा भाग उडून जातो, पण खाण्याचे तेल उडत नाही. ते तिथेच शिजत राहते आणि एक दिवस सगळे ऑइल आळून येते. एका जनरेटरचा चेंबर मी खोलला होता. आतले ऑइल खरवसासारखे झाले होते, बोल्ट काढला तरी बाहेर येईना. त्या इंजिनाचे पुढे काय झाले असेल हे सांगायला नको.

आता तुमच्या इंडिकाबद्दल. तिचे इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचे आहे. त्यात इंधन आधी एका लहान तापलेल्या कोठडीत पेटते आणि मग सिलिंडरमध्ये येते. जाड इंधन पचवायला ही रचना बरी, म्हणून जुन्या पेजो इंजिनाच्या जीपही तेलावर दिवस काढतात. पण तुमचा पंप रोटरी आहे. जुन्या लाइन पंपाला वंगण इंजिन ऑइलचे मिळते, रोटरी पंपाला मात्र जे इंधन आतून जाते तेच वंगण. सकाळी थंड, दाट तेल ओढताना त्याच्यावर जो ताण येतो त्याने तो जाम होऊ शकतो, आणि पंपाच्या कामाचे पैसे तुम्ही वर्षभरात वाचवलेल्या डिझेलपेक्षा जास्त होतील.

ज्यांना नुसत्या तेलावरच चालवायचे असते ते दोन टाक्या बसवतात. गाडी डिझेलवर चालू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्याची नळी तेलाच्या टाकीतून फिरवून तेल ७०–८० अंशांपर्यंत तापवायचे, मग त्यावर जायचे आणि बंद करण्यापूर्वी पाचेक मिनिटे पुन्हा डिझेलवर यायचे, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल थंड होऊन बसत नाही. ८० अंशांनाही तेलाची दाटी दहा-बाराच्या आसपास राहते, ती डिझेलइतकी होत नाही. आणि मुंबईत तुमची गाडी गिरगावातून निघून लालबागेला पोहोचेपर्यंत टाकीतले तेल तेवढे तापतच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी ही पद्धत एक वेळ ठीक आहे, शहरातल्या चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांना ती निरुपयोगी आहे.

पुस्तकी_किडा

काका, पण मग १८९३ साली कसे चालले?

मृण्मयी_तळोजा

काकांनी इंजिनाची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की मी फक्त रसायनाची बाजू लिहिते. मी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बायोडिझेलच्या एका लहान प्रकल्पात सहा वर्षे काम केले आहे.

आधी तारखेचा घोळ मिटवू. १० ऑगस्ट १८९३ हा डिझेलच्या इंजिनात ऑग्सबर्गला पहिल्यांदा इंधन पेटले तो दिवस. शेंगदाण्याच्या तेलाची गोष्ट पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनातली आहे. तिथे ऑटो कंपनीने फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवले होते आणि डिझेलने स्वतः १९१२ सालच्या एका व्याख्यानात तिचा उल्लेख केला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण दरवर्षी त्या एकाच तारखेला चिकटवल्या जातात. शिवाय ती इंजिने संथ फिरणारी आणि अवजड होती, त्यांना फवाऱ्याची एवढी नजाकत लागत नव्हती.

आता बायोडिझेल. खाण्याच्या तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका दांड्याला लटकलेल्या स्निग्धाम्लांच्या तीन लांब साखळ्या. हा त्रिशूळ मोडून तिन्ही साखळ्या सुट्या केल्या आणि प्रत्येकीला मिथेनॉल जोडले की मिथाइल एस्टर मिळते, तेच बायोडिझेल. त्याची दाटी ३.५ ते ५ च्या दरम्यान येते, म्हणजे डिझेलच्या शेजारी. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल, उत्प्रेरक म्हणून कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश, ५५ ते ६० अंश तापमान आणि तास-दीड तास ढवळणे. मग ढवळणे थांबवले की गडद, जड ग्लिसरीन तळाशी बसते. ते काढून वरचा थर पाण्याने धुवायचा, सुकवायचा आणि गाळायचा.

लिहायला हे चार ओळींचे आहे, कारण ताज्या तेलाला ते चार ओळींचेच आहे. वड्याचे तेल ताजे नसते. पुन्हा पुन्हा तापून आणि बटाट्यातले पाणी पिऊन त्यातल्या काही साखळ्या आधीच सुट्या झालेल्या असतात. या मोकळ्या आम्लांचे कॉस्टिकशी भेटताच साबण होतो आणि साबण झाला की ग्लिसरीन आणि बायोडिझेल वेगळे होण्याऐवजी टाकीभर ताकासारखे एकजीव होऊन बसतात. म्हणून प्रत्येक डब्याची आम्लता आधी मोजावी लागते. १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, त्यात रंगदर्शक घालायचे आणि १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून केलेले द्रावण थेंबथेंब सोडायचे. जितके मिलिलिटर लागतील तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलाला जास्तीचे. ताज्या तेलाला लिटरमागे ३.५ ग्रॅम धरतात, म्हणजे परीक्षेत ३ मिलिलिटर लागले तर ६.५ ग्रॅम.

रंगदर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलीन वापरतात. हळदही चालते, हळदीला चुना लावला की कुंकू होते, तीच क्रिया. गंमत म्हणजे बटाटेवड्याच्या तेलात हळद आधीच उतरलेली असते आणि अशा तेलात कॉस्टिक पडले की क्षणभर सगळी टाकी लालसर होते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा काहीतरी बिघडले म्हणून पंप बंद केला होता.

आम्लता फारच जास्त निघाली तर आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल यांची वेगळी प्रक्रिया करून ती खाली आणावी लागते. हे घरी करण्याचा विचारही करू नये.

गिरगावकर_श्री

दोघांचेही मनापासून आभार. मृण्मयीताई, आमच्या गच्चीत जुनी पाण्याची टाकी रिकामी आहे. तिच्यात ५०–५० लिटरचे घाणे काढले तर? कॉस्टिक सोडा तर दुकानात मिळतो.

मृण्मयी_तळोजा

श्रीदादा, कॉस्टिक मिळेल, मिथेनॉल नाही. आणि ते मिळत नाही हेच बरे आहे.

जून २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने १०० हून अधिक माणसे गेली, ती याच मिथेनॉलने. ते पोटात गेले तरच विषारी असे नाही, त्याची वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही आत जातो आणि सर्वांत आधी डोळ्यांच्या नसेवर घाव घालतो. ते ६५ अंशांच्या आतच उकळते, म्हणजे तुमचे मिश्रण ज्या ५५–६० अंशांवर ढवळायचे तिथून उकळबिंदू हाताच्या अंतरावर असतो. उघड्या टाकीत त्याची वाफ गच्चीभर पसरणार. आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. आमच्याकडे एकदा एका नळीच्या जोडाशी आग लागली होती. जवळ गेलेल्या कामगाराला ती दिसली नाही, हाताला चटका बसला तेव्हा कळली. प्रकल्पात बंद टाक्या, ठिणगी न पडणाऱ्या मोटारी आणि मिथेनॉल परत गोळा करणारी यंत्रणा होती, तरी हे झाले. चाळीच्या गच्चीत, जिथे पापड वाळत असतात आणि मुले पतंग उडवतात, तिथे हा उद्योग नको.

वकीलसाहेब_ठाणे

कायद्याचा प्रश्न विचारला आहे म्हणून थोडक्यात लिहितो. मिथेनॉल विषांच्या नियमांखाली येते, ते बाळगायला परवाना लागतो. बायोडिझेलची विक्री डिझेलमध्ये मिसळण्यासाठी करायची असेल तर केंद्राच्या एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि महाराष्ट्रानेही २०२१ साली स्वतंत्र धोरण आणले आहे. थोडक्यात, ही गोष्ट परवाना घेऊन करण्याची आहे.

गाडीबाबत म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. दुसरी टाकी, गरम पाण्याची नळी आणि बदलता व्हॉल्व्ह हे गाडीत बसवलेत आणि उद्या बोनेटखाली आग लागली, तर विमा कंपनीचा सर्वेक्षक पहिला फोटो त्याच नळीचा काढेल. तिने आग लागली नसली तरी ते सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येईल. माझ्याकडे एक प्रकरण सीएनजीच्या अनधिकृत किटचे आले होते, त्यात नेमके हेच झाले.

सुगरण_दादर

मी घरगुती फराळाचा व्यवसाय करते आणि दिवाळीच्या तीन आठवड्यांत माझ्याकडे चकली-शेवेचे जितके तेल निघते तितके उरलेल्या वर्षात निघत नाही. श्रीदादांच्या मेहुण्याकडे महिन्यातून एकदा "एक जण" येऊन तेल घेऊन जातो, या वाक्याशी मी अडखळले. तो कोण आहे, हे त्यांनी कधी विचारले आहे का?

१ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. तेल जितके जळते तितके हे घटक वाढतात. ते मोजायला हातात धरण्याचे मीटर मिळते आणि स्वस्तातल्या पट्ट्याही मिळतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्यासाठी 'रुको' नावाचा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्याकडे दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल लागते त्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. मेहुण्याचे दुकान त्यात बसत नसेल, पण नोंद ठेवायची सक्ती नाही म्हणजे तेल कुणालाही द्यावे असे नाही.

हे लिहिण्याचे कारण सांगते. पूर्वी माझ्याकडेही असाच एक माणूस येत असे. भाव बरा देई, डबे स्वतःचे आणी, कधी पावती देत नसे. एकदा मी सहज विचारले की हे पुढे कुठे जाते, तर म्हणाला, "ताई, गाळून थोडे नवीन घातले की गाडीवाल्यांना चालते." गाडीवाले म्हणजे रस्त्यावरच्या हातगाडीवरचे खाद्यपदार्थवाले. त्या दिवसापासून मी त्याला तेल दिले नाही आणि दोन महिने डबे गॅलरीत साठवले. मुंग्या लागल्या, सासूबाई रागावल्या, तरी दिले नाही. आता रुकोच्या यादीतला माणूस येतो. भाव लिटरमागे थोडा कमी देतो, पण पावती आणि शिक्का देतो.

श्रीदादांना गाडी चालवायची आहे, ते चालवोत किंवा न चालवोत. त्यांच्या मेहुण्याचे तेल पुन्हा कुणाच्या पोटात जात नाही ना, एवढे मात्र त्यांनी बघावे.

कुर्ल्याचा_कुमार

मी तेल ओतले नाही, पण तयार बायोडिझेल भरण्याचा शहाणपणा केला आहे, म्हणून लिहितो. २०२० च्या पावसाळ्यात महामार्गालगतच्या एका विक्रेत्याकडे डिझेलपेक्षा बऱ्याच स्वस्तात बायोडिझेल मिळत होते. नाव घेत नाही, ते दुकान आता तिथे नाहीही. टाकी फुल्ल केली. तिसऱ्या दिवशी वाशीच्या खाडीपुलावर, भर पावसात, संध्याकाळी सात वाजता गाडीने दम टाकला. आधी झटके, मग ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग येईना आणि मग पूर्ण शांतता. मागे कर्कश हॉर्नची रांग. टोचन करून गाडी नेली. मेकॅनिकने डिझेल फिल्टर उघडला तर आत तपकिरी, बुळबुळीत थर बसलेला, भिजलेल्या तपकिरीसारखा. टाकीच्या तळाशी पाणी वेगळे निघाले. एवढ्यावर निभावले नाही, रिटर्न लाइनचे रबरी पाइपही फुगले होते. काका, हे बायोडिझेलमुळे की भेसळीमुळे?

निवृत्त_फिटर

कुमार, दोन्ही असू शकते. त्या दिवसांत बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल विकले जात होते आणि राज्यात त्यावर छापेही पडले होते, त्यामुळे तुमच्या टाकीत काय होते हे देव जाणे. पण अस्सल बायोडिझेल असते तरी पहिल्या एक-दोन टाक्यांना फिल्टर तुंबण्याची शक्यता होतीच. बायोडिझेल चांगले धुते. वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतीला चिकटलेला डिझेलचा मळ ते सोडवते आणि तो सगळा फिल्टरवर येऊन बसतो. म्हणून पहिल्यांदा भरले तर ५०० किलोमीटरच्या आत फिल्टर बदलावा, एक सुटा गाडीत ठेवावा. जुने रबरी पाइप ते फुगवते, त्याजागी व्हिटॉनचे, म्हणजे इंधनाने न फुगणाऱ्या रबराचे, पाइप बसवावे लागतात. पाणीही ते डिझेलपेक्षा जास्त धरून ठेवते. मुंबईच्या जुलैत अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी आठ दिवस उभी करा आणि मग तळाचे पाणी काढून बघा.

एक महत्त्वाचे राहिले. इथे कोणी २०२० नंतरची बीएस-६ गाडी घेऊन हा धागा वाचत असेल तर त्याने हे सगळे विसरून जावे. त्या इंजिनात इंधनाचा दाब १६०० बारच्याही वर जातो आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी गाळणी असते. ती गाळणी साफ करण्यासाठी बऱ्याच गाड्यांत इंजिन मधूनच जास्तीचे इंधन सोडते. डिझेल असेल तर ते उडून पुढे जाते, तेल किंवा जास्त प्रमाणातले बायोडिझेल असेल तर सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणजे खरवस लवकर होईल आणि महागही पडेल.

मुलुंडची_मीरा

एक साधी शंका. बायोडिझेल एवढे चांगले तर सरकार पंपांवरच का मिसळत नाही? आणि धुराचे काय?

मृण्मयी_तळोजा

मिसळायचे ठरलेले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचे लक्ष्य आहे. १० ऑगस्ट २०१९ ला तेल कंपन्यांनी १०० शहरांत वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलसाठी निविदा मागवल्या. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७० आणि तिसऱ्या वर्षी ५४.५० असा हमीभाव ठरवला होता. गाडे अडते ते तेल गोळा करण्यापाशी. एकेका दुकानातून १०–१५ लिटर उचलायचे, टेम्पोचे भाडे द्यायचे आणि समोर सुगरणताईंचा तो "गाडीवाल्यांना चालते" म्हणणारा माणूस जास्त भाव घेऊन उभा. कारखाना चालवण्यापेक्षा डबे मिळवणे कठीण, हे आमच्याकडचे रोजचे दुखणे होते. आता विमानांच्या इंधनासाठीही हेच तेल हवे आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के शाश्वत इंधन मिसळण्याचे लक्ष्य आहे. जळक्या तेलाला इतके गिऱ्हाईक पूर्वी कधी नव्हते.

धुराबाबत: चांगल्या बायोडिझेलने काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन कमी होते, नायट्रोजनची ऑक्साइडे किंचित वाढतात. नुसत्या तेलाचे तसे नाही. थंड इंजिनात ओतलेले तेल अर्धवट जळते आणि डोळ्यांना झोंबणारा धूर देते. कढईत तेल जळले की स्वयंपाकघरात ठसका लागतो, तोच. भज्यांचा खमंग वास येतो तो गाडी पूर्ण तापल्यावर.

मायलेजही थोडे घटते, बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा ८–९ टक्क्यांनी कमी असते.

गिरगावकर_श्री

इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. काय केले ते सांगतो.

गेल्या रविवारी मेहुण्याकडून १ लिटर तेल आणले, जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळले आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवले. गाळल्यावर ते चहासारखे स्वच्छ दिसत होते आणि मी मनातल्या मनात काकांशी वाद जिंकला होता. चौथ्या दिवशी तळाशी दोन बोटे जाडीचा राखाडी गाळ बसला, बेसनाच्या पिठासारखा बारीक, फडक्यातून सहज निसटलेला. वरचे तेल हलक्या हाताने काढून तापल्या तव्यावर चमचाभर टाकले, तर मोहरी टाकल्यासारखे तडतडले. म्हणजे पाणी होतेच. बायकोने विचारले काय चालले आहे, तर सांगितले गाडीचे इंधन तपासतो आहे. तिने तवा घासायला माझ्यासमोर ठेवला.

दोन टाक्यांचा नाद सोडला आहे. काकांनी पंपाचे सांगितले तिथेच तो सुटला होता. मिथेनॉलचे नाव घरात काढणार नाही. मेहुण्याला सुगरणताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो जरा चिडला, "मला काय माहीत तो कुठे नेतो" म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून फोन करून विचारले की यादीतला माणूस कुठे सापडतो.

सुगरण_दादर

एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर रुकोखाली गोळा करणाऱ्यांची राज्यवार यादी आहे. लालबाग-परळ भागात येणारा निवडावा. पहिल्यांदा आला की नोंदणीचे कागद आणि पावतीपुस्तक बघून घ्यावे. आणि मेहुण्यांना सांगावे की डब्यात पाणी जाऊ देऊ नका, ओल्या तेलाला भाव कमी मिळतो.

निवृत्त_फिटर

श्री, बरणीतले उरलेले तेल फेकू नका. फाटकाच्या बिजागऱ्यांना मात्र लावू नका, दोन महिन्यांत चिकट होऊन त्या जाम होतात, हे मी स्वतः करून बसलो आहे. मेहुण्याच्या डब्यात परत ओता.

गिरगावकर_श्री

ओतले. काल शनिवारी यादीतला माणूस येऊन चार डबे घेऊन गेला. वजन केले, पावती दिली, शिक्का मारला. मी मुद्दाम खाली उतरून विचारले, तुमचा टेम्पो कशावर चालतो? म्हणाला, "सीएनजीवर, साहेब."